साक्ष तिची, कुलूप त्यांचं

गेल्या बैठकीत आमच्या गटात कडाक्याचा वाद झाला. विषय होता अमेरिकेतल्या एका प्रकरणाचे कागद, त्यामुळे निम्म्याजणींना तो फुकाचा वाटला. “आपल्या जिल्हा कोर्टातली नक्कल काढायला आपल्याला चार-चार खेपा पडतात, आणि तुम्ही फ्लोरिडातल्या साक्षींवर घसा कोरडा करताय!” असं एकीनं ऐकवलंही. पण मला वाटतं, तो वाद फ्लोरिडापुरता नव्हताच. बाईनं बंद दाराआड सांगितलेल्या गोष्टीवर हक्क कुणाचा, हा तो वाद होता आणि तो आपल्या दारातला आहे. बैठकीची वेळ संपली, माझी बाजू अर्धी राहिली. ती इथे मांडते.

प्रकरण जेफ्री एपस्टीनचं. शाळकरी मुलींना पैसे देऊन घरी आणवणारा, त्यांचं लैंगिक शोषण करणारा हा अतिश्रीमंत माणूस २०१९ साली कोठडीत मेला. पण त्याच्याविरुद्धची पहिली फिर्याद २००५ सालची आहे, आणि २००६ साली फ्लोरिडातल्या पाम बीचमध्ये ग्रँड ज्युरीसमोर त्या मुलींपैकी काहींच्या साक्षी झाल्या होत्या. या साक्षींच्या शब्दशः नोंदी, ज्यांना तिकडे ट्रान्स्क्रिप्ट म्हणतात, अठरा वर्षं कुलुपात होत्या. त्या खुल्या कराव्यात का, यावर तिथे बरंच रण माजलं. आमच्या ताई, ज्यांनी कोर्टाच्या पायऱ्या माझ्यापेक्षा कितीतरी जास्त झिजवल्यात, त्या म्हणाल्या, “पोरीनं विश्वासानं सांगितलेलं चव्हाट्यावर मांडायचं, म्हणजे तिच्यावर दुसऱ्यांदा अत्याचार. ही पारदर्शकता पुरुषांच्या कामाची. आपण गुप्ततेच्या बाजूनं उभं राहायला हवं.”

ताईंचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आपल्यापैकी प्रत्येकीनं एखाद्या बाईला तिच्या जबानीच्या बातमीखाली गाव सोडताना पाहिलं आहे. तरीही मी म्हणते, ताईंचं इथे चुकतंय. त्या ज्या गुप्ततेची बाजू घेतायत ती त्या मुलींची नव्हतीच. ती सरकारी वकिलाची होती.

आधी ग्रँड ज्युरी म्हणजे काय, ते बघू. नानावटी खटल्यामुळे आपल्याकडे ज्युरी हा शब्द ओळखीचा आहे, पण ती वेगळी. ती आरोपी दोषी की निर्दोष हे सांगायची, तेही भर न्यायालयात. ग्रँड ज्युरी त्याच्या आधीच्या पायरीवर बसते. आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे का, एवढंच तिनं ठरवायचं. अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयांत तिच्यात १६ ते २३ नागरिक असतात आणि आरोप ठेवायला त्यातल्या १२ जणांचं एकमत लागतं. राज्याराज्यांचे नियम याहून थोडेफार वेगळे असतात. मुख्य गोष्ट अशी, की खोलीत न्यायाधीश नसतो, आरोपीचा वकील नसतो आणि मुलीचाही वकील सहसा नसतो. साक्षीदार कोण बोलवायचे, कुणाला काय विचारायचं, कोणती कलमं ज्युरीपुढे ठेवायची, हे व्यवहारात सरकारी वकील ठरवतो. बाहेर कुणालाही काही दिसत नाही.

ही गुप्तता का, याची कारणं अमेरिकी न्यायालयांनी अनेक निकालांत दिली आहेत. आरोपी पळून जाऊ नये. ज्युरीतल्या माणसांवर दबाव येऊ नये. साक्षीदारांना कुणी फोडू नये. लोकांनी न घाबरता बोलावं. आणि ज्याच्यावर आरोप ठेवलाच गेला नाही, त्याची उगाच बदनामी होऊ नये. कारणं चांगली आहेत. यातलं एकही कारण मला नाकारायचं नाही. पण ही यादी पुन्हा वाचा. सरकारी वकिलानं काय विचारलं आणि काय विचारलं नाही, हे लोकांपासून लपावं, असं कारण त्यात कुठेही नाही. प्रत्यक्षात मात्र कुलूप सगळ्याला एकच लागतं. मुलीचं नाव, तिचं दुःख आणि वकिलाची कामचुकारी, तिन्ही एकाच कपाटात.

पाम बीचमध्ये काय झालं, ते आता कागदावर आहे. मार्च २००५ मध्ये एका १४ वर्षांच्या मुलीच्या घरच्यांनी पोलिसांत तक्रार केली. पोलिसांनी वर्षभर काम केलं. पाच मुलींच्या आणि सतरा साक्षीदारांच्या शपथेवरच्या जबान्या घेतल्या, आणि मे २००६ मध्ये अल्पवयीन मुलींशी बेकायदा लैंगिक कृत्यांचे अनेक आरोप ठेवावेत, असं प्रतिज्ञापत्र तयार केलं. त्या राज्यात संमतीचं वय १८ आहे. म्हणजे मुलगी “हो” म्हणाली की “नाही”, हा प्रश्नच उरत नव्हता. पोलिसांच्या प्रतिज्ञापत्रावर सरकारी वकिलाला सरळ आरोप ठेवता आले असते. तिथले मुख्य सरकारी वकील बॅरी क्रिशर यांनी ते केलं नाही. स्थानिक पोलीसप्रमुख मायकेल रायटर यांनी त्यांना लेखी विनंती केली होती, की तुम्ही या प्रकरणातून बाजूला होण्याचा विचार करा. एका पोलीसप्रमुखावर सरकारी वकिलाला असं पत्र लिहायची वेळ यावी, यातच सगळं आलं. प्रकरण ग्रँड ज्युरीकडे गेलं. जुलै २००६ मध्ये ज्युरी उठली ती एकच आरोप ठेवून, वेश्याव्यवसायासाठी गळ घातल्याचा. त्यात मुली अल्पवयीन होत्या याचा उल्लेखही नव्हता.

शब्द बघा. वेश्याव्यवसाय. म्हणजे त्या कागदावर एपस्टीन झाला गिऱ्हाईक आणि नववी-दहावीतल्या पोरी झाल्या वेश्या. हे कुणी केलं? अठरा वर्षं उत्तर एकच होतं, “ज्युरीनं केलं.” ज्युरी म्हणजे सामान्य नागरिक, म्हणजे समाज. समाजालाच पोरी तशा वाटल्या, त्याला वकील काय करणार? आत काय घडलं हे सांगायला कायद्यानं बंदी, त्यामुळे या उत्तराला कुणी आव्हानही देऊ शकत नव्हतं.

१ जुलै २०२४ रोजी न्यायाधीश लुईस डेलगाडो यांनी सुमारे दीडशे पानं खुली केली, तेव्हा आतली खोली दिसली. ज्युरीपुढे मुली आल्या होत्या त्या एक-दोनच. आणि सरकारी वकील, जिनं त्यांची बाजू मांडायची, तिनंच साक्षीला उभ्या राहिलेल्या मुलीला जाणीव करून दिली होती, की तू जे केलंस तो तुझाही गुन्हा आहे. ही सरकारी वकील बाई होती, हेही लिहून ठेवते, म्हणजे बाई खुर्चीवर बसली की प्रश्न सुटतो असं म्हणणाऱ्यांना विचार करायला बरं पडेल. आणि सरकारी बाजूच मुलीला गुन्हेगार ठरवतेय म्हटल्यावर ज्युरीतल्या नागरिकांनी तरी दुसरं काय करावं? एका ज्युररनं तिला विचारलं, तू स्वतःच्या अब्रूचं काय करून घेतेयस हे तुला कळतंय का? हा प्रश्न आपल्याला किती ओळखीचा आहे, ते मी वेगळं सांगायला नको. पाम बीच काय आणि परभणी काय.

आता ताईंना माझा प्रश्न आहे. ही पानं अठरा वर्षं कुलुपात राहिली, त्यात त्या मुलीचं काय राखलं गेलं? तिचं नाव झाकूनही ती पानं खुली करता येत होती. २०२४ साली तशीच तर झाली. जपलं गेलं ते ते प्रश्न विचारणाऱ्यांचं नाव. आणि या काळात काय झालं ते बघा. २००७ साली केंद्र सरकारच्या वकिलांनी एपस्टीनशी खटला न भरण्याचा करार केला आणि तो मुलींपासून लपवला. २०१९ साली न्यायाधीश केनेथ मारा यांनी सांगितलं, की हे लपवणं पीडितांच्या हक्कांच्या कायद्याविरुद्ध होतं. २००८ साली त्यानं राज्याच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला, १८ महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले जेमतेम १३ महिने तो आत होता. तेही दिवसाचे बारा तास, आठवड्याचे सहा दिवस “कामासाठी” बाहेर. जुलै २०१९ मध्ये पुन्हा अटक होईपर्यंत तो मोकळा हिंडला. २००६ साली झालेले प्रश्न २००७ मध्ये लोकांसमोर आले असते, तर त्या करारावर सही करताना कुणाचा तरी हात थरथरला असता, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही. पण कुलूप होतं म्हणून ती शक्यतासुद्धा उरली नाही.

कागद खुले झाले ते सरकारच्या मनात आलं म्हणून नव्हे. ‘पाम बीच पोस्ट’ या वर्तमानपत्रानं २०१९ साली दावा लावला. खालच्या न्यायालयात हार झाली, २०२३ साली अपील न्यायालयानं वर्तमानपत्राच्या बाजूनं कौल दिला. मग फ्लोरिडाच्या विधिमंडळानं कायदाच बदलला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यावर गव्हर्नरची सही झाली. या कायद्याचं खूप कौतुक झालं. मी त्याच्या अटी वाचल्या आणि हसावं की रडावं कळेना. ग्रँड ज्युरीच्या अशा नोंदी खुल्या करायच्या तर प्रकरण अल्पवयीन व्यक्तीशी केलेल्या लैंगिक वा गुन्हेगारी कृत्याचं हवं, ते ठीक. पण ज्याची चौकशी झाली तो माणूस मेलेला हवा! म्हणजे पुरुष जिवंत आहे तोवर कुलूप, तो सरणावर गेला की किल्ली. मुलगी मात्र जिवंत असते. त्या पंधरा-वीस वर्षांत ती मोठी होते, लग्न करते, मुलं वाढवते आणि आपल्याविषयी आत काय बोललं गेलं होतं हे मनात घेऊन जगते. तिच्या हयातीचा हिशेब त्या कायद्यात नाही. त्याच्या मृत्यूचा आहे.

कुणी म्हणेल, नियम तो नियम, गुप्तता सगळ्यांनाच सारखी. तसंही नाही. २०१४ साली मिसूरी राज्यात फर्ग्युसनला मायकेल ब्राउन या काळ्या तरुणाला गोऱ्या पोलिसानं गोळ्या घातल्या. ग्रँड ज्युरीनं आरोप ठेवला नाही. तेव्हा सरकारी वकील रॉबर्ट मॅककलक यांनी त्याच रात्री साक्षींच्या हजारो पानांच्या नोंदी साक्षीदारांची नावं झाकून स्वतःहून जाहीर केल्या. का? आपण सगळं दाखवलं होतं, निर्णय ज्युरीचा, हे त्यांना लोकांना पटवायचं होतं. म्हणजे वकिलाच्या सोयीचं असलं की गुप्ततेचं पावित्र्य एका रात्रीत बाजूला ठेवता येतं, नावं झाकण्याची युक्तीही आपोआप सुचते.

याच्या उलट उदाहरण केंटकीतल्या लुईव्हिलचं. मार्च २०२० मध्ये ब्रिओना टेलर या २६ वर्षांच्या काळ्या तरुणीच्या घरात पोलीस मध्यरात्री घुसले आणि त्यांच्या गोळ्यांनी ती मेली. सप्टेंबरमध्ये ग्रँड ज्युरीनं एकाच पोलिसावर आरोप ठेवला, तोही शेजारच्या घरात गोळ्या घुसून तिथल्या लोकांचा जीव धोक्यात आला म्हणून. ब्रिओनाच्या मरणाबद्दल कुणावरच नाही. राज्याचे महाधिवक्ता डॅनियल कॅमेरॉन यांनी असं चित्र उभं केलं, की ज्युरीनंच तसं ठरवलं. इथे एक गोष्ट घडली जी क्वचित घडते. ज्युरीतली एक व्यक्ती, नाव न सांगता, न्यायालयात गेली आणि म्हणाली, आम्हांला बोलू द्या. साक्षींचं सुमारे पंधरा तासांचं ध्वनिमुद्रण खुलं झालं. न्यायाधीशांनी ज्युरर मंडळींना बोलायची परवानगी दिली, आणि मग कळलं, की मनुष्यवधाची कलमं ज्युरीपुढे ठेवलीच नव्हती. जे ताटात वाढलंच नाही ते खाल्लं का नाही, असं विचारण्यातला हा प्रकार. आणि गंमत म्हणजे सरकारी वकिलांनी ज्युरीला काय सल्ला दिला, तो भाग त्या पंधरा तासांत नव्हता. तो मुद्रितच केला नव्हता. कागद खुला करा म्हणताना कागदावर काय येऊच दिलं नाही, हेही विचारायला हवं.

एवढं सगळं म्हटल्यावर, “सगळं खुलं करा, नावानिशी करा” असा गलका करणाऱ्यांच्या बाजूनं मी आहे का? मुळीच नाही. २०२५ साली त्यांचाही खेळ आपण पाहिला. अमेरिकी सरकारनं एपस्टीन आणि त्याची साथीदार गिलेन मॅक्सवेल यांच्या केंद्रीय ग्रँड ज्युरीच्या नोंदी खुल्या कराव्यात म्हणून जुलैमध्ये न्यायालयांत अर्ज केले. जणू आता सत्य बाहेर येणार. न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी ऑगस्टमध्ये अर्ज फेटाळताना दाखवून दिलं, की एपस्टीनच्या ग्रँड ज्युरीचे कागद आहेत सत्तर पानांच्या आसपास, आणि सरकारच्या स्वतःच्या ताब्यात त्याच तपासाची सुमारे एक लाख पानं पडून आहेत. त्या सत्तर पानांत साक्ष होती ती एकाच माणसाची, तपास यंत्रणेच्या अधिकाऱ्याची. त्यानं इतरांनी सांगितलेलं सांगितलं होतं. एकही पीडित बाई त्या खोलीत बोललेली नव्हती. मॅक्सवेलच्या प्रकरणातल्या न्यायाधीशांनीही सांगितलं, की यात लोकांना नवं असं काही मिळणार नाही. एक लाख पानांवर बसून सत्तर पानांसाठी दार ठोठावायचं, याला पारदर्शकता म्हणत नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी संसदेनं कायदा केला, मग डिसेंबरमध्ये त्याच न्यायाधीशांनी परवानगी दिली. पुढे काय झालं? जाहीर झालेल्या कागदांत ग्रँड ज्युरीची म्हणून ११९ पानं पूर्ण काळी करून ठेवलेली निघाली, आणि दुसरीकडे काही पीडितांची नावं झाकायची राहून गेली, अशी तक्रार त्यांच्या वकिलांना करावी लागली. जे झाकायचं ते उघडं, जे उघडायचं ते काळं. त्या बायकांना आधी विचारलं असतं तर हे झालं नसतं. पण विचारायचं कुणाला सुचलं?

म्हणून मी म्हणते, खुलं की गुप्त हा प्रश्नच अर्धवट आहे. कुणाचं काय खुलं आणि कुणाचं काय गुप्त, असं विचारायला हवं. हे मी पुस्तकातून शिकले नाही. आपल्याच चळवळीनं ते शिकवलं.

१९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका मजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. तो खटला आपण सगळ्या तिच्याच नावानं ओळखतो. ते नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. सत्र न्यायालयानं १९७४ साली पोलिसांना सोडलं. न्यायाधीशांनी मुलीला खोटारडी ठरवलं आणि तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचं लिहिलं. नागपूर खंडपीठानं १९७६ मध्ये पोलिसांना दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये, तिच्या अंगावर जखमा नाहीत वगैरे सांगत, पुन्हा सोडलं. हा निकाल छापील अहवालात आला. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी तो वाचला आणि सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या पत्रानं काय पेटलं ते आपल्याला माहीत आहे. १९८० सालच्या ८ मार्चचे मोर्चे, मुंबईतला बलात्कारविरोधी मंच, आणि शेवटी १९८३ सालची कायदादुरुस्ती.

आता क्षणभर कल्पना करा, की हा सगळा प्रकार ग्रँड ज्युरीसारख्या बंद खोलीत झाला असता. आरोप ठेवला नाही, एवढंच बाहेर आलं असतं. “खोटारडी” हा शब्द आणि “सवय” हा शब्द कुलुपात राहिले असते. चार अध्यापकांना वाचायला काही मिळालं नसतं, पत्र लिहायला काही मिळालं नसतं. आपल्यापैकी कितीतरीजणी या चळवळीत आल्याच नसत्या. त्या मुलीचं नाव छापलं गेलं, हा तिच्यावरचा अन्याय होता. ते गुप्त राहायला हवं होतं. न्यायाधीशांचे शब्द छापले गेले, त्यानं आपल्याला डोळे दिले. एकाच निकालातल्या या दोन गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या करता येतात.

आपल्या कायद्यानं त्या वेगळ्या करायचा प्रयत्नही केला आहे. १९८३ च्या दुरुस्तीनं पीडितेचं नाव छापणं गुन्हा ठरलं, बलात्काराचे खटले इन कॅमेरा चालू लागले आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय कामकाज छापायला बंदी आली. नाव झाकण्याची मागणी रास्त होती. पण कामकाजावरच पडदा पडला त्याचं काय? पुढे २००८ च्या दुरुस्तीत एक पुरवणी आली, की पक्षकारांची नावं-पत्ते गुप्त राखून ही छापण्याची बंदी उठवता येईल. म्हणजे वाट कायद्यात आहे. तिच्यावरून चालणारं कुणी दिसत नाही. आपणही फारशा चाललो नाही.

आणि कामकाज उघडलं तरी हाती काय लागतं? अमेरिकेतल्या त्या दीडशे पानांत निदान प्रश्न प्रश्नासारखा छापलेला आहे. कुणी विचारला, कुठल्या शब्दांत विचारला, ते दिसतं. आपल्याकडे साक्ष बहुतेक वेळा निवेदनाच्या रूपात उतरवली जाते. प्रश्नोत्तरं जशीच्या तशी लिहायची मुभा न्यायाधीशाला आहे, सक्ती नाही. त्यामुळे उलटतपासणीत वकिलानं ओठ मुडपून, बाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळत जे काही विचारलं, त्याचं कागदावर उरतं ते इतकंच : “हे म्हणणे खरे नाही की मी स्वखुशीने गेले.” प्रश्न पुसला जातो, तिचा नकार तेवढा राहतो. उद्या कुणी तो कागद वाचला तर त्याला वाटेल, बाईच आपणहून हे सगळं बोलत होती.

काही वर्षांपूर्वी एका मुलीबरोबर मी एका कोर्टाच्या नक्कल विभागात गेले होते. आरोपी सुटला होता. तिला तिच्या स्वतःच्या साक्षीची नक्कल हवी होती. “मी काय बोलले ते मला वाचायचंय,” एवढंच तिचं म्हणणं होतं. खिडकीमागच्या माणसानं अर्ज परत केला. “तुम्ही पार्टी नाही. पार्टी सरकार आहे आणि आरोपी आहे. तुम्ही त्रयस्थ. प्रतिज्ञापत्र जोडा, कारण लिहा.” तो माणूस उद्धट नव्हता. तो नियम सांगत होता. आरोपीला तिच्या साक्षीची प्रत केव्हाच मिळालेली होती. तिच्यावर अत्याचार करणाऱ्याच्या घरी तिचे शब्द कपाटात होते, आणि ती त्रयस्थ! बाहेर येऊन ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाई, कारण काय लिहायचं?” मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. अमेरिकेतल्या साक्षीदार बाईलाही ग्रँड ज्युरीपुढची आपलीच साक्ष वाचायची तर न्यायालयाला कारण पटवावं लागतं, हे कळलं तेव्हा मला तीच खिडकी आठवली.

गुप्ततेच्या नावाखाली सरकार स्वतःला कसं झाकतं, हे केरळातही दिसलं. मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या बायकांच्या स्थितीवर न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सरकारला मिळाला. बायकांनी विश्वासानं सांगितलंय, त्यांची ओळख उघड होईल, हे कारण पुढे करून तो साडेचार वर्षं दाबून ठेवला. अखेर राज्य माहिती आयोगाच्या आदेशानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये काही भाग वगळून २३३ पानं बाहेर आली. नावं वगळता येतात, हे २०१९ मध्ये का सुचलं नाही? आणि अहवाल आल्यावर पोलिसांनी त्यातल्या जबान्यांवरून गुन्हे नोंदवायला घेतले, तेव्हा एका अभिनेत्रीला सर्वोच्च न्यायालयात जाऊन सांगावं लागलं, की मी समितीपुढे बोलले ते अभ्यासासाठी, फिर्याद म्हणून नव्हे. दाबताना तिला विचारलं नाही, वापरतानाही विचारलं नाही. दोन्ही वेळा तिच्याच भल्यासाठी!

तर ताई, माझं म्हणणं असं. साक्ष बाईची आहे. तिनं ती राज्यसंस्थेला उसनी दिलेली आहे, दान केलेली नाही. तेव्हा फ्लोरिडा असो की महाराष्ट्र, आपण या मागण्यांवर ठाम राहायला हवं :

पहिली, आपल्या साक्षीची संपूर्ण प्रत बाईला मागितल्याबरोबर, विनामूल्य आणि कारण न विचारता मिळाली पाहिजे.

दुसरी, तिचं नाव, गाव, ओळख पटवणारा कुठलाही तपशील तिच्या लेखी संमतीशिवाय कधीही उघड होता कामा नये. आरोपी मेला तरी नाही, ती मेली तरी नाही.

तिसरी, बाईला विचारलेले प्रश्न, मग ते सरकारी वकिलाचे असोत, आरोपीच्या वकिलाचे, ज्युररचे की न्यायाधीशाचे, शब्दशः नोंदले गेले पाहिजेत. तिची उत्तरं झाकायची झाली तर झाका. सत्तेच्या प्रश्नांना अब्रू नसते.

चौथी, जिथे आरोप ठेवला गेला नाही किंवा क्षुल्लक आरोपावर प्रकरण मिटवलं गेलं, तिथे सरकारी बाजूनं काय मांडलं आणि काय वगळलं याची नोंद ठरावीक मुदतीत खुली झाली पाहिजे. आरोपीच्या मरणाची वाट बघायची नाही.

आणि पाचवी, काय झाकायचं हे ठरवताना बाईला आणि तिनं निवडलेल्या वकिलाला आधी बोलावलं पाहिजे. काळी शाई सरकारच्या एकट्याच्या हातात नको.

यातली तिसरी मागणी तर आपण उद्यापासून आपापल्या कोर्टात लावून धरू शकतो. साक्षीच्या आधी अर्ज द्यायचा, की साक्ष प्रश्नोत्तरांच्या रूपात घ्यावी. अर्ज फेटाळला तर फेटाळल्याचा लेखी आदेश मागायचा. ज्या गटांनी असे अर्ज केले असतील, त्यांनी आपला अनुभव या अंकाच्या पत्त्यावर जरूर लिहावा. आणि पहिली मागणी घेऊन नक्कल विभागाच्या खिडकीशी जाणाऱ्या प्रत्येकीबरोबर आपल्यापैकी एकीनं तरी जावं.

त्या मुलीला तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर मला आता सुचलंय. अर्जावर कारणाच्या रकान्यात लिहायचं : “मी बोलले म्हणून.”